लेकराच्या गळ्यात माळ घालताना एवढं सांगा

आळंदी, देहू, चिंचवड, भोसरी, मोशी, चाकण आणि पंचक्रोशीतल्या सर्व आई-वडिलांना, आजी-आजोबांना, कीर्तनकार महाराजांना, भजनी मंडळांना आणि शिक्षकांना कळकळीचं आवाहन

उन्हाळ्याची सुट्टी लागली आहे. देवळांच्या भिंतींवर बालसंस्कार शिबिरांची पत्रकं लागली आहेत. जून उजाडेल तशी परभणी, बीड, बुलढाणा, जळगावकडची माणसं पत्र्याची पेटी आणि वळकटी घेऊन, पोराचा हात धरून आळंदीत उतरतील. पोरगं इथं राहून शाळा शिकेल, मृदंग शिकेल, हरिपाठ मुखोद्गत करेल, या आशेने त्याला एखाद्या संस्थेत ठेवतील आणि संध्याकाळच्या एसटीने परत जातील. इकडे चाकण, म्हाळुंगे, कुरुळी, नाणेकरवाडीच्या चाळींतून दोघंही कामावर जाणारे आई-बाप सुट्टीतल्या मुलांना शेजारणीच्या, मामाच्या, शिकवणीवाल्याच्या भरवशावर सोडतील.

या सगळ्यांना हात जोडून एकच मागणं आहे. लेकरू दुसऱ्याच्या हाती सोपवण्याआधी त्याच्याशी त्याच्या शरीराबद्दल बोला. कुणी कुठे हात लावायचा नाही, लावला तर काय करायचं, कुणाला सांगायचं, हे त्याला तुमच्या तोंडून कळू द्या. शिबिर संपल्यावर किंवा मूल मोठं झाल्यावर बोलू असं म्हणू नका. याच आठवड्यात बोला.

आळंदीत काय घडलं

जोग महाराजांनी १९१७ मध्ये आळंदीत वारकरी शिक्षण संस्था सुरू केली. तिथं शिकलेल्या कीर्तनकारांनी महाराष्ट्राची गावंच्या गावं नामस्मरणाला लावली. त्या कामाबद्दल कुणाच्याही मनात आदरच असेल. पण पुढे आळंदीत लहान-मोठ्या खासगी संस्था उभ्या राहत गेल्या. कुणी भाड्याच्या इमारतीत, कुणी दोन-चार खोल्यांत मुलांना ठेवून घेऊ लागलं. त्यांतले कित्येक जण पोटच्या पोरासारखं मुलांना सांभाळतात. काहींची मात्र कुठे नोंद नाही, मुलांची यादी नाही, देखरेख करणारं कुणी नाही.

जानेवारी २०२४ मध्ये अशाच एका खासगी संस्थेतल्या अल्पवयीन मुलांवर संस्थाचालकानेच लैंगिक अत्याचार केल्याची तक्रार आळंदी पोलिसांकडे दाखल झाली. ती शेवटची ठरली नाही. २०२५ च्या सुरुवातीला आळंदीचे ग्रामस्थच पुढे आले आणि अनधिकृत संस्था बंद करा अशी मागणी त्यांनी केली. राज्य महिला आयोगाने दखल घेतली, प्रशासनाने संस्थांची तपासणी हाती घेतली. गावातल्या भाविक माणसांनी आपल्याच तीर्थक्षेत्राबद्दल असं उघड बोलायला फार मोठं धैर्य लागतं. ते त्यांनी दाखवलं.

ऑगस्ट २०२४ मध्ये बदलापूरच्या शाळेतल्या दोन चिमुरड्यांवर अत्याचार झाला तेव्हा माणसं रेल्वे रुळांवर उतरली, अख्खं राज्य हादरलं. ते योग्यच झालं. आळंदीतली लेकरं मुलगे होती, गरीब घरची होती, गावापासून लांब होती. त्यांच्याबद्दल त्या मानाने फार थोडं बोललं गेलं. म्हणून हे आवाहन.

मूल का बोलत नाही

असे प्रकार कसे घडतात ते एकदा डोळ्यांसमोर आणा. रात्रीचे दहा वाजलेत. मोठ्या खोलीत वीस-पंचवीस मुलांच्या वळकट्या पसरल्या आहेत. आतल्या खोलीतून एकाला हाक येते, पाय चेपायला. दहा वर्षांचं पोर झोपेतून उठतं, कारण गुरूचे पाय चेपणं ही सेवा असते असं आजोबांनीच त्याला सांगितलेलं असतं. त्यानंतर जे घडतं ते काय आहे हे त्याला कळत नाही. आपल्या शरीराच्या त्या भागाला काय म्हणतात हेही त्याला घरी कुणी सांगितलेलं नाही. कानावर पडलेले शब्द फक्त शिव्यांमधले. आठवड्याने घरचा फोन येतो तेव्हा बोलताना शेजारी कुणीतरी उभं असतं. ते एवढंच म्हणतं, "मला घरी न्या." आई समजूत घालते, "रमेल रे मन, थोडं सोस."

त्या आईचं प्रेम कमी नाही. पण धार्मिक घरात मुलाला दोन धडे अगदी लहानपणापासून मिळतात. पहिला: मोठ्यांचं ऐकायचं, उलट बोलायचं नाही, महाराज सांगतील ते करायचं. दुसरा: 'तसल्या' गोष्टी तोंडातून काढायच्या नाहीत. दोन्ही धडे मायेने दिलेले असतात. दोन्ही एकत्र आले की मुलाचं तोंड कायमचं बंद होतं. वाईट हेतूच्या माणसाला हेच हवं असतं. तो नेमकं आज्ञाधारक, भिडस्त, अजाण मूल हेरतो.

आणि तो माणूस बहुधा परका नसतो. केंद्र सरकारच्या महिला व बालविकास मंत्रालयाने २००७ मध्ये १३ राज्यांतल्या १२,४४७ मुलांचा अभ्यास प्रसिद्ध केला. त्यातल्या निम्म्याहून अधिक मुलांनी, ५३.२२ टक्के मुलांनी, कोणत्या ना कोणत्या प्रकारचा लैंगिक छळ सोसल्याचं सांगितलं. सोसणाऱ्यांत मुलगे मुलींपेक्षा किंचित जास्तच होते. अत्याचार करणाऱ्यांपैकी निम्मे मुलाच्या ओळखीचे, त्याच्या विश्वासातले होते. आणि बहुतेक मुलांनी ही गोष्ट कुणालाही सांगितली नव्हती. 'अनोळखी माणसाकडून खाऊ घेऊ नको' एवढं सांगून आपली जबाबदारी संपत नाही, ती इथं सुरू होते.

बंद दाराआड मोबाइल आहे

काही पालक म्हणतील, आमचं मूल बाहेर ठेवलेलंच नाही, आमच्या नजरेखाली आहे. चाकणच्या एका खोलीचा विचार करा. दहा बाय दहाची खोली, मध्ये पडदा, एका कोपऱ्यात देव्हारा. बाप तिसऱ्या पाळीला जातो, आई सकाळी सात वाजता पॅकिंगच्या कामावर निघते. घरात टीव्हीवर किसिंगचा प्रसंग आला की चॅनेल बदललं जातं. पण शाळेच्या ग्रुपवर गृहपाठ येतो म्हणून चौदा वर्षांच्या पोराच्या हातात दिवसभर मोबाइल असतो. जे त्याला आई-बापाने सांगितलं नाही ते मोबाइल दाखवतो, आणि अतिशय विकृत रूपात दाखवतो. बाईच्या नकाराला किंमत नसते, जबरदस्ती म्हणजे पुरुषार्थ, असं शिक्षण त्याला रोज फुकट मिळतं. त्याचे प्रश्न खरे असतात. उत्तर देणारा भलताच असतो.

मुलींचं वेगळं. पाळी साधारण सहावी-सातवीत येते. बालभारतीच्या पुस्तकात पुनरुत्पादन आणि मासिक पाळीचा सविस्तर धडा येतो दहावीच्या विज्ञानात. मधल्या तीन-चार वर्षांत मुलीच्या कानावर काय पडतं? देवघरात जाऊ नको, लोणच्याला शिवू नको, बाबांना कळू देऊ नको. रक्त कुठून येतं, का येतं, किती दिवस येतं, किती आलं तर डॉक्टरकडे जायचं, हे सांगायला कुणी नसतं. आपल्या शरीरात काहीतरी घाण आहे एवढंच तिच्या मनात पक्कं बसतं. ज्या शरीराची लाज वाटते त्या शरीराबद्दल ती कधीच तक्रार करणार नाही.

मुलग्यांच्या वाट्याला भीती येते. झोपेत वीर्य बाहेर पडणं ही वयात येणाऱ्या मुलाच्या शरीराची नेहमीची गोष्ट आहे. त्याने अशक्तपणा येत नाही, बुद्धी मंद होत नाही, पुण्य जात नाही. पण ब्रह्मचर्याची अर्धीमुर्धी व्याख्यानं ऐकलेला पोरगा स्वतःला पापी समजतो आणि एसटी स्टँडच्या भिंतीवरची गुप्तरोगाची जाहिरात वाचून भोंदू वैद्याकडे पैसे भरतो.

आणि जिथं बोलणंच बंद असतं तिथं आई-बापांना एकच उपाय दिसतो: पोरगी हाताबाहेर जाण्याआधी उजवून टाका. २०१९ ते २०२१ या काळातल्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत महाराष्ट्रातल्या २० ते २४ वयाच्या २१.९ टक्के स्त्रियांचं लग्न अठराच्या आत झालेलं आढळलं. म्हणजे पाचांतली एक. हा आकडा पुढारलेल्या म्हणवणाऱ्या आपल्या राज्याचा आहे.

आपल्या संतांनी शरीराची लाज बाळगली नाही

शरीराबद्दल बोलणं आपल्या धर्मात बसत नाही, असं म्हणणाऱ्यांना विनंती की त्यांनी आपलीच परंपरा पुन्हा पाहावी. वारकरी संप्रदाय हा गृहस्थांचा संप्रदाय आहे. नामदेव, एकनाथ, तुकाराम ही लेकुरवाळी माणसं होती. चोखोबांच्या पत्नी सोयराबाईंनी चौदाव्या शतकात विटाळाचा प्रश्न उघड विचारला; ज्या विटाळातून प्रत्येक देह जन्मतो त्यापासून सुटलेला कोण आहे, असं त्यांनी सोवळं मिरवणाऱ्यांना विचारलं. आजच्या आईला मुलीशी जे बोलायला अवघड वाटतं ते एका वारकरी स्त्रीने सहाशेहून अधिक वर्षांपूर्वी अभंगात मांडलं.

आणि आळंदीला तर हे वेगळं सांगायला नको. विठ्ठलपंत संन्यास सोडून संसारात परतले म्हणून त्यांच्या चार मुलांना संन्याशाची पोरं म्हणून वाळीत टाकलं गेलं. मोठ्यांच्या सोवळ्याच्या कल्पनेची किंमत निवृत्ती, ज्ञानदेव, सोपान आणि मुक्ताई या लेकरांनी मोजली. त्याच गावात आज पुन्हा मोठ्यांच्या संकोचाची किंमत लेकरांनी मोजावी, हे माउलींच्या नावाला शोभत नाही.

हे आवाहन वारकऱ्यांपुरतं नाही. पिंपरी-चिंचवडमध्ये मशिदी आहेत, मदरसे आहेत, चर्च आहेत, गुरुद्वारे आहेत, स्वामींची केंद्रं आहेत. प्रत्येक धर्माच्या भाविक घरात मूल जपण्याची तळमळ सारखीच असते आणि न बोलण्याची सवयही सारखीच असते.

सरकारने हात झटकले, आपण झटकायचे नाहीत

महाराष्ट्रात लैंगिक शिक्षणाचा विषय नवा नाही. रघुनाथ धोंडो कर्वे यांनी १९२१ मध्ये मुंबईत संततिनियमनाचं केंद्र सुरू केलं आणि १९२७ पासून मरेपर्यंत, म्हणजे १९५३ पर्यंत 'समाजस्वास्थ्य' मासिक चालवलं. वाचकांच्या लैंगिक शंकांना शास्त्रीय उत्तरं दिली म्हणून त्यांच्यावर अश्लीलतेचे खटले झाले. १९३४ च्या खटल्यात त्यांच्या बाजूने वकील म्हणून उभे राहिले डॉ. बाबासाहेब आंबेडकर. ते खटला हरले, कर्व्यांना दंड झाला. शंका विचारणारी माणसं मात्र त्यांना पत्रं लिहीत राहिली.

त्यानंतर सत्तरहून अधिक वर्षांनी, २००७ मध्ये, शाळांतल्या किशोरवयीन शिक्षणाच्या कार्यक्रमावरून विधिमंडळात गदारोळ झाला आणि महाराष्ट्राने तो कार्यक्रम थांबवला. त्या वर्षी जन्मलेली मुलं आज मतदार झाली. त्यांना हे शिक्षण शाळेने दिलं नाही आणि बहुतेकांना घरानेही दिलं नाही. सप्टेंबर २०२४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बालकांच्या अश्लील चित्रफितींविषयी निकाल देताना लैंगिक शिक्षणाबद्दलचे गैरसमज दूर करण्याची आणि ते व्यापकपणे देण्याची गरज स्पष्ट शब्दांत मांडली. शासन जागं होईल तेव्हा होईल. तोवर तुमचं मूल थांबणार नाही, त्याचं वय थांबणार नाही.

"सांगितलं तर मुलं बिघडतील" ही भीती पिढ्यान्पिढ्या आहे. युनेस्कोने २००९ मध्ये आणि सुधारून २०१८ मध्ये जगभरच्या अभ्यासांच्या आधारे मार्गदर्शिका काढली. योग्य लैंगिक शिक्षणामुळे मुलं लवकर संबंध ठेवू लागत नाहीत. उलट जबाबदारीने वागतात, असं त्यात दिसून आलं. आपल्याच राज्यात डॉ. राणी बंग यांनी गडचिरोलीपासून सुरू केलेल्या 'तारुण्यभान' शिबिरांना हजारो मुलं-मुली एकत्र बसली, त्यांनी प्रश्न विचारले, आणि आभाळ कोसळलं नाही. पुण्यातली तथापि ट्रस्टसारखी संस्था मराठीतून हे काम वर्षानुवर्षं करते आहे.

काय सांगायचं आणि कधी

पाच वर्षांपर्यंत: अंघोळ घालतानाच शरीराच्या सगळ्या भागांची नावं शिकवा. नाक, कान, पोट जसं सांगता तसंच शिश्न, योनी, गुदद्वार, स्तन हेही सांगा. चड्डी आणि बनियनच्या आतल्या भागाला दुसऱ्या कुणी हात लावायचा नाही. स्वच्छतेसाठी आई-बाबा आणि तपासायला डॉक्टर, तेही आई-बाबा समोर असताना. मूल कुणाला मुका द्यायला, कुणाच्या मांडीवर बसायला नको म्हणत असेल तर बळजबरी करू नका, मग समोर सख्खा मामा असो की महाराज.

सहा ते नऊ: "हे आपल्या दोघांचं गुपित, कुणाला सांगू नको" असं कुणी म्हणालं की तेच आधी येऊन सांगायचं, हे पक्कं करा. ज्यांच्याकडे धावत जाता येईल अशी तीन मोठी माणसं मुलाला स्वतःला निवडू द्या. पाय चेपणं, अंग चेपणं, तेल लावणं ही कामं एकट्याने, बंद खोलीत, कुणाचीही करायची नाहीत. गुरू सांगतो म्हणून चुकीची गोष्ट बरोबर ठरत नाही. हे वाक्य मुलाकडून तोंडपाठ करून घ्या.

नऊ ते बारा: पाळी येण्याआधी मुलीला पाळीबद्दल सांगा, आणि तिच्या भावालाही सांगा. मुलाला आवाज फुटणं, लव येणं, झोपेत वीर्य बाहेर येणं याची आधीच कल्पना द्या. आईला अवघड वाटत असेल तर मावशीने, काकाने, शाळेतल्या बाईंनी सांगावं. पण कुणी तरी सांगेल असं समजून सगळ्यांनी गप्प बसू नये.

तेरा ते अठरा: आकर्षण वाटणं पाप नाही, हे आधी सांगा. मग संमती म्हणजे काय, गर्भ कसा राहतो, संततिनियमनाची साधनं कोणती, संसर्ग कसे होतात, हे सांगा. स्वतःचा उघडा फोटो कुणालाही पाठवायचा नाही, आणि पाठवला गेलाच असेल आणि कुणी धमकावत असेल तर घाबरून जीव द्यायचा नाही, आई-बाबांकडे यायचं, ओरडा मिळणार नाही, असा शब्द द्या. लैंगिक अत्याचारांपासून मुलांना वाचवणाऱ्या पोक्सो कायद्यानुसार अठरा वर्षांखालच्या मुलीची किंवा मुलाची संमती कायद्यात धरली जात नाही, हे प्रत्येक तरुणाला माहीत हवं. सतरा वर्षांच्या मुलीबरोबर पळून गेलेला एकोणीस वर्षांचा मुलगा तुरुंगात जाऊ शकतो. दोन घरं उद्ध्वस्त होण्याआधी हे एक वाक्य घरात बोललं गेलं पाहिजे.

सगळं एका बैठकीत सांगू नका. भाजी निवडताना, गाडीवरून जाताना, कीर्तनावरून परतताना दोन-चार वाक्यं पुरतात. उत्तर येत नसेल तर "उद्या विचारून सांगते" म्हणा आणि खरंच सांगा. सरकारी रुग्णालयांत किशोरवयीनांसाठी 'मैत्री' क्लिनिक असतात. तिथं मुलांना खासगीत, मोफत बोलता येतं.

संस्थेत किंवा शिबिरात ठेवण्याआधी

पेटी खाली ठेवण्याआधी हे विचारा, आणि संकोच करू नका.

संस्थेची नोंदणी आहे का? कागद पाहायला मागा. काळजी आणि संरक्षणाची गरज असलेल्या मुलांना ठेवणाऱ्या संस्थांना २०१५ च्या बाल न्याय कायद्याच्या कलम ४१ नुसार नोंदणी सक्तीची आहे. न केल्यास कलम ४२ नुसार कैद किंवा दंड, किंवा दोन्ही होऊ शकतात.

मुलं कुठे झोपतात, मोठी माणसं कुठे झोपतात? स्वतः खोली पाहा. लहान आणि मोठी मुलं वेगळी झोपतात का? रात्री कोण असतं? न्हाणीघराला आतून कडी आहे का?

मुलाला एकांतात घरी फोन करता येईल का? आठवड्यातून किती वेळा? आम्ही न कळवता भेटायला येऊ शकतो का?

भिंतीवर १०९८ हा मुलांच्या मदतीचा क्रमांक लावलेला आहे का? तो मुलाला पाठ करायला लावा.

प्रामाणिक संस्थाचालकाला या प्रश्नांचा राग येणार नाही. ज्याला राग येईल त्याच्याकडे मूल ठेवू नका.

मूल काही सांगेल तेव्हा

मूल एकदम सगळं सांगत नाही. अंथरूण ओलं करू लागतं, एका ठरावीक माणसाला टाळतं, पोट दुखतं म्हणतं, बसताना त्रास होतो, अचानक अभ्यासातून लक्ष उडतं, "मला तिथं नाही जायचं" म्हणतं. ही लक्षणं दिसली की रागावू नका, जवळ घ्या आणि विचारा.

सांगितलं, की पहिलं वाक्य हेच म्हणा: "तू सांगितलंस ते बरं केलंस. तुझी काही चूक नाही." पुन्हा पुन्हा खोदून विचारू नका. समोरच्याला बोलावून मुलासमोर जाब विचारू नका. घटना ताजी असेल तर अंघोळ घालू नका, कपडे धुऊ नका; ते कागदाच्या पिशवीत ठेवा आणि तडक सरकारी रुग्णालयात जा. पिंपरीला वायसीएम रुग्णालय आहे. उपचार मोफत मिळतात, कोणतंही रुग्णालय प्रथमोपचार नाकारू शकत नाही. एचआयव्हीपासून संरक्षणाची औषधं आणि गर्भ राहू नये म्हणूनच्या गोळ्या ७२ तासांच्या आत द्याव्या लागतात, म्हणून तास मोलाचे आहेत.

१०९८ हा क्रमांक चोवीस तास, मोफत चालतो. ११२ वर पोलीस मिळतात. आळंदी, चाकण, म्हाळुंगे, भोसरी ही ठाणी पिंपरी-चिंचवड पोलीस आयुक्तालयाच्या हद्दीत आहेत. १४ नोव्हेंबर २०१२ पासून लागू असलेला पोक्सो कायदा तुमच्या मुलाच्या बाजूने आहे. जबाब घरी किंवा मुलाला हव्या त्या ठिकाणी घेता येतो. घेणारी शक्यतो महिला अधिकारी असते आणि ती गणवेशात नसते. मुलाला रात्री ठाण्यात ठेवता येत नाही. मुलाचं नाव छापणं, पसरवणं गुन्हा आहे. अत्याचारग्रस्तांसाठीच्या राज्याच्या मनोधैर्य योजनेतून मदत मिळू शकते.

आणि हे सगळ्यांनी ध्यानात ठेवावं: अत्याचार झाल्याचं माहीत असून पोलिसांना न कळवणं हाच पोक्सोच्या कलम २१ नुसार गुन्हा आहे. सहा महिन्यांपर्यंत कैद होऊ शकते. संस्थेच्या प्रमुखाने लपवलं तर एक वर्षापर्यंत. "संप्रदायाची बदनामी होईल", "गावात बसून मिटवू" असं म्हणणारा माणूस मुलाचाही अपराधी आहे आणि कायद्याचाही. बदनामी अत्याचार करणाऱ्याने केली, सांगणाऱ्या लेकराने नाही.

तुमच्याकडून नेमकं काय हवं

कीर्तनकार महाराज, तुमच्या शब्दाला गावात न्यायालयापेक्षा जास्त वजन आहे. प्रत्येक कीर्तनात पाच मिनिटं द्या. "लेकरांनो, कुणीही, अगदी मीसुद्धा, तुम्हाला नको तिथं हात लावला तर आरडाओरडा करा" हे तुम्ही व्यासपीठावरून म्हणा. शंभर पुस्तकांनी होणार नाही ते त्या एका वाक्याने होईल.

भजनी मंडळातल्या माउलींनो, एकादशीला जमाल तेव्हा आपसात हा विषय काढा. पाळी, वयात येणं, मुलांची सुरक्षितता. लाजायचं ते आपसातच लाजून घ्या, मग घरी जाऊन मुलांशी मोकळ्या आवाजात बोला.

शाळांनी जूनच्या पहिल्या पालकसभेत एक तास याला द्यावा. दहावीचा तो धडा "घरी वाचा" म्हणून सोडू नये. मुलं-मुली एकत्र बसवून शिकवावा.

चाकण, भोसरी, तळवडेच्या कंपन्यांनी आणि कामगार संघटनांनी पुढे यावं. कामाच्या जागी होणाऱ्या लैंगिक छळाविरुद्धच्या २०१३ च्या कायद्याचं प्रशिक्षण तुम्ही देताच. त्याला जोडून पालक म्हणून एक तास द्या, तिन्ही पाळ्यांना द्या, गेट मीटिंगमध्ये १०९८ सांगा. कंपनी कायद्यानुसार सामाजिक कामासाठी ठेवावा लागणारा दोन टक्क्यांचा निधी कामगार वस्त्यांतल्या समुपदेशकांसाठी वापरा.

प्रशासनाने आळंदीतली तपासणी एका वर्षापुरती करून थांबू नये. दर जूनला, नवी मुलं येण्याआधी, नोंदणी झालेल्या संस्थांची यादी इंद्रायणीच्या घाटावर, बसस्थानकावर, मंदिराबाहेर मोठ्या अक्षरांत लावावी. परगावच्या आई-बापाला ती वाचता आली पाहिजे.

आणि आई-बाबांनो, सगळ्यात शेवटी आणि सगळ्यात आधी तुम्ही. आज रात्री जेवणं झाली की मोबाइल बाजूला ठेवा. मुलाला जवळ बसवा. त्याला सांगा, तुझं शरीर तुझं आहे. कुणी त्याला नको तसा हात लावला तर तो माणूस कितीही मोठा असो, आम्ही तुझ्या बाजूने उभे राहू. तू काहीही सांगितलंस तरी आम्ही विश्वास ठेवू. १०९८ हा आकडा त्याच्या वहीच्या पहिल्या पानावर त्याच्याच हाताने लिहून घ्या.

एवढं करायला पैसा लागत नाही, शिक्षण लागत नाही, धर्म सोडावा लागत नाही. जून जवळ आला आहे. त्याआधी बोला.